पाचवा रकाना

मोमीन मास्तरांच्या हातात दाभण आला की मॅट्रिकचा वर्ग श्वास रोखून बसे. वर्गात इंग्लंडचा एक मोठा, पाठीला कापड लावलेला नकाशा होता. त्याच्या मागच्या बाजूस मास्तरांनी काळ्या शाईने कराड, पाटण आणि कृष्णा-कोयनेच्या काठची गावे काढली होती. दोन मुलांना नकाशाची टोके ताणून धरायला लावून ते मँचेस्टरवर दाभण टेकवीत आणि तळहाताच्या एका फटक्यासरशी आरपार घालीत. मग नकाशा उलटवून विचारीत, "टोक कुठं निघालं?" कधी ते उंब्रजेत निघे, कधी मल्हारपेठेत. "तिकडून टोचलं, इकडं निघालं. आता रक्त कुठल्या बाजूला येतं ते पाहायचं. इंग्लंडच्या व्यापाराचा इतिहास एवढाच आहे. राण्यांच्या सनावळ्या घरी पाठ करा."

बेचाळीसच्या आधी दोन वर्षे मी कराडच्या त्या शाळेत संस्कृत शिकवायला लागलो. मास्तर मला "धाकटे मास्तर" म्हणत. चारचौघांत बोलण्याची मला भीती वाटे; फळ्याकडे तोंड करून लिहिणे मात्र जमे. माझ्या अक्षराची आजवर पुष्कळ स्तुती झाली. शब्दावरची रेघ संपताना तिला गळासारखा एक बारीक आकडा काढायची माझी खोड होती, तिचेही कौतुक झाले. एवढे अक्षर असूनही साठी उलटेपर्यंत मी स्वतःचे म्हणून काही लिहायला धजलो नाही. त्याचे कारण या व्यक्तिचित्रातच आहे.

मास्तर जातीने विणकर. उंच, हाडापेराने रुंद, अंगात बारा महिने काळा कोट. माणूस भेटला की नमस्काराआधी त्याच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरायची, बोटांनी चोळायची, आणि कापड कुठल्या गिरणीतले ते सांगायचे, ही त्यांची रीत. हेडमास्तरांचीही त्यातून सुटका नव्हती. इंग्लंडच्या उद्योगधंद्यांचा इतिहास हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. पदवीसाठी नव्हे, बढतीसाठीही नव्हे. साताऱ्याला एका निवृत्त साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा विलायती कारखान्यांच्या तपासनिसांचे जुने अहवाल त्यांनी पोतेभर आणले होते, आणि दर सोमवारी त्यातला एक अपघात ते वर्गाला मराठीत वाचून दाखवीत. त्यावर भाष्य करीत नसत. तेरा वर्षांच्या मुलीची वेणी यंत्राच्या फिरत्या दांड्यात अडकली. दांडा थांबेपर्यंत तिच्या डोक्याची कातडी सुटून आली होती. मालकाने मुलीच्या आईला सांगितले की केस बांधून यायचा नियम भिंतीवर लावलेला आहे. एवढे वाचून ते पुस्तक मिटीत.

एका सोमवारी मागच्या बाकावरचा आनंदा हसला. हसू भीतीचे होते, हे मला दारातून दिसत होते. मास्तरांना दिसले नाही, किंवा दिसूनही त्यांनी त्याची पर्वा केली नाही. ते शांतपणे मागे गेले, आनंदाचे केस मुठीत धरले आणि मूठ सावकाश, दांडा फिरावा तशी, फिरवीत राहिले. पोरगा बाकावरून उठला, उभा राहिला, मग चवड्यांवर आला. "आता हसा," मास्तर म्हणाले. मूठ सोडली तेव्हा बोटांना केस चिकटले होते. त्या दिवसापासून आनंदा पहिल्या बाकावर बसू लागला आणि इंग्लंडच्या इतिहासात त्याच्या पुढे कोणी गेले नाही. मारणाऱ्या मास्तरांवर पोरांचा जीव जडतो, ही आपल्याकडची एक विचित्र गोष्ट आहे. मला ती कधीच पटली नाही, आणि मास्तरांचा तो राग मी आजही चांगला म्हणणार नाही.

तो राग सर्वांत जास्त कशाने पेटे, तेही सांगितले पाहिजे. गोऱ्यांनी आमच्या विणकरांचे अंगठे तोडले, असे एका मुलाने निबंधात लिहिले. मास्तरांनी निबंध फाडला. राग आला की त्यांची पुस्तकी भाषा सुटे.

"कुणी तोडलं रं? तू बघितलंस? अंगठं तोडायला माणूस पाठवावा लागतो, त्येच्या हातात सुरी द्यावी लागती. एवढी यातायात त्यांनी कशापायी करावी? सवंग कापड पाठीवलं, काम झालं. माझ्या बापाचं दोन्ही अंगठं शाबूत हुतं. मागाच्या वरच्या दांडीला फासाचा दोर त्यानं त्याच अंगठ्यांनी बांधला."

मास्तरांनी फाटके कागद गोळा केले, खिशात घातले, आणि पुन्हा शुद्ध भाषेत म्हणाले, "जे घडलं नाही ते लिहू नका. जे घडलं ते पुरेसं आहे."

त्यांच्या अभ्यासाची रीतही जगावेगळी होती. पुस्तकात सापडते ते निम्मे, उरलेले आपल्या घरात आहे, असे ते म्हणत. सुट्टीत मुलांना ते गावोगाव पाठवीत आणि विलायती वस्तूंवरचे ठसे उतरवून आणायला सांगत: कात्रीवरचा, कुलपावरचा, कंदिलावरचा. एका घरच्या देवघरातले लक्ष्मीचे चित्र तर मँचेस्टरच्या कापडाच्या ताग्यावर चिकटून आलेले निघाले. मास्तरांनी त्या घरच्या म्हातारीला ते कळू दिले नाही, उलट ते नमस्कार करून बाहेर आले. हे सगळे त्यांच्या जाड वहीत उतरे. पानावर पाच रकाने असत. वस्तू, ठसा, विलायतेतले शहर, इथले घर. आणि पाचवा रकाना: याच्या आधी काय होते, आणि हे आल्याने कोणाचे काय झाले. हा शेवटचा रकाना मास्तर स्वतः भरीत. मुलांनी आणलेल्या माहितीवर विश्वास न ठेवता त्या घरी पायी जात, बायकांशी बोलत. एकेका ओळीला कधी महिना लागे. वही दहा वर्षांची होती.

शाळेच्या प्रदर्शनासाठी त्या वहीचा मोठा तक्ता करायचे ठरले. मास्तरांचे अक्षर कोंबडीच्या पायांसारखे. तक्ता लिहायचे काम माझ्याकडे आले. मी बोरू नीट तासला, रेघा आखल्या. कागद पाच रकान्यांना अपुरा पडू लागला. शेवटच्या रकान्यातला मजकूर लांबलचक, खाडाखोडीचा, कुठे चार शब्द तर कुठे बारा ओळी. मी तो गाळला. चार रकाने अगदी नेटके बसले. मास्तरांनी तक्ता पाहिला, माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाले, "सुंदर दिसतो आहे. अर्धा आहे." प्रदर्शन दुसऱ्या दिवशी होते. तक्ता तसाच भिंतीवर लागला आणि नंतरही तिथेच राहिला.

बेचाळीसच्या भाद्रपदात शाळा बंद पडली. तारा तुटत होत्या, टपाल जळत होते, मोर्च्यांवर गोळ्या झाडल्या जात होत्या. एके दिवशी भिंतीवरचा तक्ता नाहीसा झालेला मला दिसला. वाळवीने खाल्ला असेल म्हणून शिपायाने फाडून टाकला असावा, अशी मी स्वतःची समजूत घातली. भित्र्या माणसाला समजुती लवकर सापडतात.

त्यानंतर आठवड्याने, भर दुपारी, मी मास्तरांच्या ओट्यावर बसलो असताना आनंदा आला. सदरा छातीपर्यंत रक्ताने भिजलेला. त्याला काही लागले असेल म्हणून मी उठलो. रक्त त्याचे नव्हते.

त्याने जे तुटक तुटक सांगितले ते असे. विलायतेचे नाव असलेली प्रत्येक वस्तू फोडायची, असे आनंदा धरून शाळेतल्या आठ पोरांनी ठरवले होते. यादी म्हणून त्यांनी शाळेच्या भिंतीवरचा तक्ताच काढून नेला होता. पाटण रस्त्यावरच्या एका गावात सर्जेराव हवालदार नावाच्या गड्याची पिठाची गिरणी होती. सर्जेराव पहिल्या महायुद्धात पलटणीत होता. परत आल्यावर त्याने लिंकन शहरात बनलेले तेलाचे इंजिन बसवले होते. पोरे घण घेऊन गेली तेव्हा इंजिन चालू होते. आनंदाने तक्ता उलगडून सर्जेरावाला त्याचे नाव वाचून दाखवले. सर्जेरावाने तो कागद मागून घेतला, स्वतः वाचला आणि म्हणाला, "इंजन माझं हाय. सायबाचं न्हवं." पोरांनी फिरत्या चाकावर घण घातला. चाक तडकले, पट्टा सुटला, सर्जेराव तो धरायला धावला, आणि पट्ट्याने त्याचा उजवा हात आत ओढला. घण टाकून पोरे ओरडत राहिली. इंजिन फिरतच राहिले.

मास्तरांनी फक्त एक प्रश्न विचारला. "ते बंद कसं करायचं ते कुणाला ठावं हुतं?"

आनंदाने नकारार्थी मान हलवली. फोडायला आठजण गेले होते. थांबवता एकालाही येत नव्हते. शेवटी दळण घेऊन आलेल्या एका म्हातारीने तेल सोडणारी चकती फिरवून इंजिन बंद केले. सर्जेरावाला रोज बघून तिला ते माहीत झाले होते.

मग मास्तरांनी आनंदाला मारले. कोपऱ्यातला छत्रीचा दांडा मोडेपर्यंत मारले, मोडल्यावर हाताने मारले. पोरगा वाकून उभा होता, एकदाही चुकवले नाही. मी ओट्याच्या खांबाला धरून उभा राहिलो. सोडवायला गेलो नाही. दमल्यावर मास्तर खाली बसले आणि आपल्याच गुडघ्यांवर मुठी आपटू लागले. "हे कुठल्या शहरात झालं, कुठल्या साली झालं, कुणी केलं, सगळं शिकवलं. थांबवायचं कसं ते शिकवलं न्हाई. मला तरी कुठं येतंय."

त्यांनी आनंदाचा सदरा काढून त्याला आपला घातला, घरात शिदोरी बांधायला लावली आणि त्याला सांगलीच्या वाटेला लावले. सांगली संस्थानात गोऱ्यांच्या पोलिसांचा हात चटकन पोचत नसे. मास्तरांची बहीण तिथे दिली होती. "गिरणीतला कागद कुठाय?" तो निघताना त्यांनी विचारले. तो तिथेच पडला होता. आनंदा पुढच्या उन्हाळ्यात कृष्णाकाठच्या उसात गोळी लागून मेला, हे येथेच लिहून टाकतो. पुन्हा लिहवणार नाही.

फौजदाराने दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या मास्तरांना बंद शाळेत बोलावून घेतले. रक्ताने कडक झालेला तो तक्ता त्याने मेजावर पसरला. रेघांच्या शेवटचे आकडे डागांमधूनही स्पष्ट दिसत होते. हा कट आहे, ज्याने ही यादी लिहिली तो त्याचा सूत्रधार, आणि सगळ्या मास्तरांनी समोर बसून चार ओळी लिहून द्याव्यात, असे त्याने फर्मावले. उठायचे, एवढेच करायचे होते. मी उठेपर्यंत मोमीन मास्तर उठले होते.

"यादी माझी. अक्षरही माझंच. यांना कशाला बसवता?"

फौजदाराने त्यांच्या तोंडात मारली. टोपी पडली, ती त्यांनी उचलली नाही. उद्या मामलेदारांपुढे लिहून दाखव, असे फौजदार म्हणाला. त्यांना नेताना ते माझ्याजवळ क्षणभर थांबले, माझी बाही चिमटीत धरली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "वही चुलीत घालायला सांगा घरी. आजच."

ती वही त्यांना सोडवू शकली असती. पाचवा रकाना वाचणाऱ्या कोणालाही कळले असते की ती शत्रूच्या मालाची यादी नसून एका माणसाचा दहा वर्षांचा अभ्यास आहे. पण वहीतले अक्षर आणि तक्त्यातले अक्षर शेजारी ठेवले असते तर दुसऱ्या माणसाचा शोध सुरू झाला असता. मी त्यांच्या घरी गेलो. मास्तरांच्या पत्नीला, भाभींना, निरोप सांगितला; त्यांनी वही चुलीत घातली. वही जाड होती, पेटेना. मग त्या एकेक पान फाडून आत सारू लागल्या. सर्जेरावाचे पान मी ओळखले. पाचव्या रकान्यात मास्तरांनी लिहिले होते: "याच्या आधी जाते. आता गावातल्या बाया पहाटे दोन तास जास्त निजतात. हे इंजिन कोणाच्याही पोटावर आलेले नाही. फार थोड्या वस्तूंबद्दल असे लिहिता येते." मी ते वाचले आणि पान भाभींच्या हातात परत दिले.

पुढचे मला ठाण्यावरच्या एका शिपायाने सांगितले; तो आमचाच जुना विद्यार्थी. सकाळी मामलेदारांकडे न्यायला कोठडी उघडली. मास्तर बाहेर आले, वळले, उजवा हात बिजागरीच्या फटीत घातला आणि डाव्या हाताने लोखंडी दार स्वतःच ओढले. एकदा नव्हे, दोनदा. "तोंडातनं आवाज आला न्हाई, मास्तर," शिपाई म्हणाला. "बोटांचा आला." मग त्यांच्याकडून काही लिहून घेण्याचा प्रश्नच उरला नाही. शाळेच्या हजेरीपटात त्यांचे अक्षर होते, पण कबुलीजबाब हाती असताना तो खटाटोप कोण करतो? त्यांना अडीच वर्षांची सजा झाली. मी त्यांचे तास घेऊ लागलो. दाभण मी कधी हातात घेतला नाही.

सहा वर्षांनी, देश स्वतंत्र झाल्यावर, मी सांगलीला गेलो. नोकरी गेलेली, हात गेलेला, अशा अवस्थेत मास्तर बहिणीकडे राहतात आणि हळदपेठेच्या मागे एका गिरणीत काम करतात, एवढे कळले होते. कोणाच्या गिरणीत, ते सांगणाऱ्याला माहीत नव्हते.

बाजाराचा दिवस होता. गिरणीपुढे बायकांची रांग, पिठाच्या धुरळ्यात दोन पांढरी माणसे. एक मोमीन मास्तर. दुसऱ्याची उजवी बाही कोपरापाशी गाठ मारून बांधली होती. तुरुंगातून सुटल्यावर मास्तर थेट त्याच्या गावी गेले होते, त्याच्या दाराशी तीन दिवस बसले होते. चौथ्या दिवशी सर्जेरावाने त्यांना भाकरी दिली, आणि पुढे दोघांनी मिळून सांगलीत ही गिरणी काढली, असे मला मागाहून समजले. मास्तरांनी मला पाहिले, डाव्या हाताने माझी बाही धरली, चोळली. ती बोटे तेवढी सराईत नव्हती; कापड कुठल्या गिरणीतले ते त्यांनी सांगितले नाही. "या धाकटे मास्तर. आधी हे शिका," असे म्हणून त्यांनी मला इंजिनापाशी नेले आणि माझा हात तेलाच्या चकतीवर ठेवला. "इकडं फिरवलं की बंद." मी फिरवले. इंजिन धापा टाकीत थांबले. रांगेतली एक बाई हसून म्हणाली, "आल्या-गेल्याला ह्येच शिकवत्यात. माझ्या नातवालाबी येतंय."

इंजिन नवे होते, आपल्याच मुलखात ओतलेले. मास्तरांना ठसा दाखवायची घाई नव्हती. त्यांनी मला खडू दिला. दळणाचे डबे एकसारखे, नावावाचून घोटाळा होत होता, आणि दोघांनाही डाव्या हाताने धड लिहिता येत नव्हते. मी खाली बसून लिहू लागलो. गंगूबाई. हसीना. शेवंता पाटील. सर्जेराव एक डबा उचलता उचलता थांबला. त्याने तो उजेडात धरला आणि रेघेच्या शेवटी काढलेल्या आकड्यावरून अंगठा फिरवला.

"ह्यो आकडा मी बघितलाय."

मास्तर काहीतरी बोलणार होते. या वेळी मी आधी उठलो. "ते अक्षर माझंच होतं. मास्तरांनी ते आपल्यावर घेतलं. तुमच्या नावापुढे त्यांनी आणखी एक रकाना लिहिला होता, तो मी गाळला. कागदात मावेना म्हणून."

"काय हुतं त्यात?"

मी पाठ म्हणून दाखवले. सहा वर्षे ते मला पाठ होते. बाया ऐकत होत्या. सर्जेरावाने मला मारले असते तर मला बरे वाटले असते, आणि बहुधा त्याला तेही कळत होते.

"दोन न्हाई," तो म्हणाला. "तीन तास. माझी कारभारीण तीन म्हनायची." मग डबा माझ्यापुढे ठेवला. "त्येवढं लिवा ह्या झाकणावर. न्हाईतर ऱ्हाऊ द्या. बाया खोळंबल्यात, नावं लिवा."

मी त्या झाकणावर काही लिहिले नाही. त्यानंतर मास्तरांना पाहण्याचा योग आला नाही. म्हणून शेवटचे दृश्य तेवढेच. मास्तर इंजिन सुरू करायच्या दांड्यापाशी गेले, सर्जेराव झडपेपाशी. दोघेही डावखुरे झालेले. एकाने डाव्या हाताने दांडा फिरवला, दुसऱ्याने डाव्या हाताने झडप दाबून धरली, आणि वेग आल्यावर मास्तरांनी नुसती मान हलवताच सोडली. इंजिन पेटले. पिठाचा लोट उठला आणि दोघेही त्यात दिसेनासे झाले. मी खाली मान घालून, आकडा न काढता, पुढचे नाव लिहू लागलो.